उन्हातली बस

"उतरा आता खाली. उंटावरून शेळ्या हाकणं पुरे झालं," मामींनी बसच्या खिडकीतून हाक दिली. "उद्या निघायचं."

टपावर मामा ओणवे होऊन सोलरच्या काचा पुसत होते. सकाळी एकदा पुसून झाल्या होत्या, पण हात शिवशिवायला लागले की या माणसाला काहीही निमित्त पुरे. त्यांनी वरूनच सांगितलं की अजून एक चाचणी बाकी आहे. मामी म्हणाल्या, तुमच्या चाचणीच्या पोटी चाचणीच जन्माला येते, आणि त्यांनी खिडकी लावून घेतली.

तसे हे दोघं कुणाचेच मामा-मामी नव्हते. इस्पितळात जनरेटर सांभाळणाऱ्या माणसाला सगळे मामा म्हणत, म्हणून बायको मामी झाली, एवढंच. बाहेरची वीज गेली की क्षणात आपली वीज द्यायची, हे मामांचं उभ्या हयातीतलं काम. आत टेबलावर कुणाचं तरी पोट उघडं असायचं. त्यामुळे निवांत बसणं त्यांना कधी जमलंच नाही, आणि निवृत्त झाल्यावर तर बूड टेकेना.

मामींना मज्जातंतूंचा आजार होता. अंग तापलं की पाय गळून जात, जीभ जड होई, समोरचं एक माणूस दोन दिसे. म्हणून कित्येक वर्षं त्या एसी लावलेल्या एका खोलीत राहत होत्या. थोरली बहीण अर्ध्या दिवसाच्या वाटेवर, पण ती खाटेला खिळलेली. दोघी फोनवर भागवत. यंदा ताईंचे कानही गेले. समोरच्याच्या ओठांकडे बघून जे कळेल तेवढंच कळायचं, आणि फोनला ओठ कुठून आणायचे? फोन थांबला तशा मामी अर्ध्या झाल्या. ताईसमोर एकदा बसून बोलायचंय, हाच धोशा. ताईंचं वय बघता हे 'एकदा' म्हणजे एकदाच, हे दोघांनाही कळत होतं.

म्हणून मामांनी शाळेची जुनी बस घेतली, आत खाट टाकली, मोरी केली आणि घरातल्यासारखाच दुसरा एसी आणून तिच्यात बसवला. तिथे घोडं अडलं. घरच्या एसीला घरचीच वीज हवी. टपावरच्या काचांची वीज वेगळी, ती इन्व्हर्टरमधून बदलून घ्यावी लागते. आणि सुरू होताना एसी असा हिसका मारायचा की इन्व्हर्टर बोंब ठोकून बंद पडायचा. मामांनी मध्ये एक डबा जोडून तो हिसका कमी केला. पण बॅटऱ्या लहानच होत्या, थोडा वेळ तग धरण्यापुरत्या. जनरेटर ठेवावा तर त्याची धग आणि धूर मामींना सोसला नसता. बाकी सगळी मदार उन्हावर. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

उन्हाळ्याच्या सुरवातीला अंगणातच चाचणी चालली असताना आभाळ भरून आलं आणि बघता बघता एसी बंद पडला. मामा टपावरून उतरून धावत येईपर्यंत मामी बाकावरून घसरून खाली पडल्या होत्या. तेव्हापासून मामांनी धसकाच घेतला. वाटेत असं झालं तर? मग नवी तार, नवी खटपट, पुन्हा चाचणी. ऋतू सरत आला तरी बस अंगणातच.

त्या दिवशी मामा खाली उतरले तेव्हा मामी रागावलेल्या नव्हत्या, आणि त्याचीच त्यांना जास्त भीती वाटली.

"ताई तुमच्या चाचणीसाठी थांबणार नाही हो," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता निघाले. मामांचा एक डोळा रस्त्यावर आणि एक मीटरवर. मामी मजेत होत्या. इतक्या वर्षांनी रस्ता बघत होत्या, दिसेल ती पाटी मोठ्यानं वाचत होत्या. चहाला थांबले तिथे सगळ्या गाड्या झाडाखाली दाटीवाटीनं उभ्या होत्या. मामांनी बस भर उन्हात, उघड्यावर नेऊन लावली. एका ट्रकवाल्यानं विचारलं, काका, सावलीशी भांडण आहे का? मामांना हसू आलं नाही. झाडाची एक फांदी आडवी आली तरी त्यांचा जीव वरखाली व्हायचा.

ताईंचं घर एका गल्लीत, वर पत्रा. त्यात तारांच्या दुरुस्तीपायी गल्लीची वीज सकाळपासून बंद. आत मामी पाऊलही टाकू शकल्या नसत्या. मग ताईंच्या सुनेनं सासूला चाकाच्या खुर्चीवर बसवून बाहेर आणलं, आणि मामांनी आणि तिनं मिळून त्यांना बसमध्ये उचलून घेतलं. वजन असं काही उरलंच नव्हतं. ताईंना बारा महिने थंडी वाजायची, आणि ही बस तर बर्फाचा कारखाना. सुनेनं स्वेटर चढवला, पांघरूण दिलं, वर कानटोपीही घातली.

"म्हातारी झालीस गं," ताई म्हणाल्या.

"आणि तू कोण, नवी नवरी?" मामींनी ओठ सावकाश हलवत विचारलं. ताईंनी ते ओठांवरून टिपलं आणि खदखदून हसल्या.

मामा बाहेर आले. ऊन चांगलं होतं, एसी गुणगुणत होता. आता तरी दोन मिनिटं टेकावं, असं म्हणून ते पायरीवर बसले आणि लगेच उठले. समोरच्या इमारतीची सावली बसच्या शेपटाशी आली होती. शेवटच्या काचेचा जेमतेम कोपरा झाकला गेला आणि मीटर धाडकन खाली आलं. चूक मामांचीच होती. इस्पितळात बॅटऱ्या जोडायच्या सवयीनं त्यांनी सगळ्या काचा एकामागे एक, एकाच माळेत ओवल्या होत्या. व्होल्टेज चढं राहतं, बारीक तारेत भागतं. पण त्या माळेत एक रुसली की सगळ्या रुसतात. दोन माळा केल्या असत्या तर निम्मं तरी चाललं असतं. सगळा उन्हाळा चाचण्या केल्या, पण सगळ्या उघड्या अंगणात. तिथे सावली होती कुठे?

सूनबाईला वाटेतली सायकल हलवायला सांगून मामांनी बस सुरू केली आणि चार हात पुढे घेतली, आतल्या म्हातारीला हिसका बसणार नाही अशी अलगद. मीटर वर आलं. थोड्या वेळानं सावली पुन्हा हजर. पुन्हा चार हात. सगळी दुपार हेच चाललं. सावली एक पाऊल टाकी, बस एक पाऊल टाके. आत दोघींना पत्ताही नव्हता. कुणाचं लग्न कसं मोडलं, आईनं कुणाला जास्त मारलं, हे सगळं आत चाललेलं. मागच्या आरशात मामांना फक्त मामींचे ओठ दिसत होते. बाई गं, बोलून घे, ते मनात म्हणत होते. गल्ली आहे तोवर बोलून घे.

मग गल्ली संपली. बसच्या नाकासमोर भिंत होती. सावली टपावर चढली, बॅटऱ्यांनी थोडा वेळ किल्ला लढवला आणि एसी थांबला.

मामा ड्रायव्हरची जागा सोडून धावतच मामींच्या पाठीशी आले. मामींच्या मानेवरून घामाची धार लागली होती. पाय आधीच निर्जीव झाल्यासारखे पसरले होते, शब्द एकमेकांत अडकायला लागले होते. ताईंना त्यातलं काही ऐकू येत नव्हतं; त्या डोळे बारीक करून बहिणीच्या ओठांकडे बघत होत्या आणि मान डोलावत होत्या. मामांनी मामींना उचलायला हात पुढे केले. मामींनी मान वळवली नाही. वळवली असती तर ताईंचा शब्द चुकला असता. पाठीमागे हात नेऊन त्यांनी पंजा तेवढा पसरला. थांबा.

उभ्या जन्मात मामा वीज गेल्यावर थांबले नव्हते. आता थांबले. बायकोच्या मागे बाकावर बसून त्यांनी तिची पाठ आपल्या छातीवर टेकवून घेतली, कोपऱ्यातला एक पुठ्ठा उचलला आणि वारा घालायला लागले. हात हलत राहिला.

"पाहुणे," ताईंनी पांघरूण गळ्याशी ओढलं, "जरा बेतानं. मला गार लागतंय."

मामांनी पुठ्ठा तिरपा धरला, म्हणजे वारा मामींच्या मानेलाच लागेल. मामी पुढचं सांगायला लागल्या.