भिंतीपलीकडचं डब्लिन

बाराला चार मिनिटं असताना मॅलकी टार्पीने हातातला पाव बशीत टाकला आणि पोटमाळ्याची शिडी गाठली. इंटरनेटवरून येणारं डब्लिनचं रेडिओ केंद्र पुन्हा अडकलं होतं. त्याने कळ दाबली. काड्यापेटीएवढ्या रेडिओ-प्रक्षेपकाचा दिवा लागला आणि भिंतीपलीकडे, डीलिया गिल्हूलीबाईंच्या स्वयंपाकघरातल्या रेडिओवर, निवेदक पुन्हा बोलू लागला.

कॉव्हेंट्रीतल्या त्या जोडघरांच्या रांगेत दोघांच्या घरांमधली भिंत एकच. डब्लिनचं लांब पल्ल्याचं लाँगवेव्ह केंद्र कायमचं बंद झालं आणि कार्यक्रम फक्त इंटरनेटवर उरले, तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांच्या डीलियाबाई दोन दिवस रेडिओची नुसती खरखर ऐकत बसल्या होत्या. समुद्रापलीकडच्या माहेरून प्रार्थना त्यातच यायची, गावाकडे कोण वारलं हेही त्यातच कळायचं. काटा दुसरीकडे फिरवायला बाई तयार नव्हत्या. मॅलकीला भिंतीतून येणारी ती खरखर सोसवेना. "दुरुस्तीसाठी बंद होतं," असं सांगून त्याने छपराखाली तार ताणली आणि इंटरनेटवरचं डब्लिन जुन्याच लहरीवर घरातून चालू केलं. एका आठवड्यापुरतं.

त्याला दोन वर्षं झाली होती. या काळात तो टेकडीवरच्या रेडिओ स्पर्धेला गेला नव्हता, बहिणीकडे गेला नव्हता. केस कापायलाही शेतीच्या बातम्यांच्या वेळेत जायचा, कारण त्या बाई ऐकत नसत. हौशी रेडिओवाल्याने दुसऱ्या हौशी माणसाशी फक्त बोलावं, असा नियम. कार्यक्रम वाजवले की परवाना रद्द. मॅलकीचा परवाना सेहेचाळीस वर्षांपूर्वीचा होता. उपकार करताना सुट्ट्यांचं आधी बोलून घ्यावं, हे काही त्याला सुचलं नव्हतं.

फोन वाजला. रेडिओ क्लबातला नॉर्मन होता.

"काय रे, मेलेलं डब्लिन तुझ्या गल्लीत कसं काय बोलतंय?"

मॅलकीने प्रक्षेपकाच्या दिव्यावर हात ठेवला.

"मोठी केंद्रं बंद झाली, आता त्यांच्या आड दडलेली लांबची केंद्रं ऐकू येतील म्हणून आम्ही टपून बसलोय. डब्लिनच्या जागी मला अल्जीरिया हवंय. तुझ्या दारावरून गाडी नेली, तर कानात पाद्री!"

"कुणाला बोललास?"

"मी कशाला बोलू? पण पुढच्या आठवड्यात, रविवारी, अख्खा क्लब लहर कुठून येते ते शोधायचे अँटेना घेऊन याच भागात फिरणार आहे. त्याआधी आवर, लेका."

मॅलकीने शर्ट बदलला आणि शेजारी गेला. डीलियाबाई बटाटे सोलत होत्या. त्याने उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं.

"बस," त्या म्हणाल्या. "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

"कसं?"

"बाराची प्रार्थनेची घंटा. पूर्वी आपल्या चर्चची आणि रेडिओतली एकाच वेळी पडायची. आता चर्चची निम्मी वाजून होते, तेव्हा कुठे तुझं डब्लिन जागं होतं."

"इंटरनेटवरून यायला वेळ लागतो," मॅलकी पुटपुटला. त्याचे कान लाल झाले.

"एवढा मोठा रेडिओवाला तू!"

"मग बोलला का नाहीत?"

"बायको गेल्यापासून पहिल्यांदा रोज दाढी करायला लागला होतास. म्हटलं, असू दे बापड्याला काही उद्योग."

त्यांनी पावाच्या डब्यामागून एक पाकीट काढलं. गावाकडून, रोसकॉमनहून, भाचीने लिहिलं होतं: तळमजल्यावरची खोली तयार आहे, कायमची राहायला कधी येतेस? पत्र दोन वर्षांपूर्वीचं होतं. त्याच्यामागे आणखी तीन होती.

"मी गेले असते, तर तू कुणासाठी धावपळ केली असतीस?"

मॅलकीने टेबलावरचं बटाट्याचं साल उचललं, बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"माझा हात थरथरतो. तूच लिही," बाई म्हणाल्या. "पुढच्या शनिवारी येते म्हणावं. तुझी माणसं रविवारी यायची ना?"

त्याने लिहिलं. शनिवार या एका शब्दाला त्याला बाकीच्या पत्राहून जास्त वेळ लागला. बाईंनी कागद डोळ्यांजवळ धरून पाहिला, घडी घातली.

"झालं. जा, आता ते बंद करून ये."

मॅलकी दारापर्यंत गेला. रेडिओत कुणीतरी सावकाश नावं वाचत होतं: कोण गेलं, कुठल्या गावचं, माती किती वाजता. कडीवर हात ठेवून तो उभा राहिला.

"शनिवारपर्यंत राहू दे," तो म्हणाला.