वहिनीच्या चेहऱ्यावरचं तेज

जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत माणसं खेटून बसली होती. बंद पडलेल्या शिलाई कारखान्याची वरची लांबलचक खोली पाणीवाल्या बाबांनी घेतली होती. जिथे कापड बेतलं जायचं तिथे आता व्यासपीठ होतं, आणि त्यावर एका खुर्चीत वहिनीला बसवलं होतं. तीन दिवस तिच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. मान कलंडलेली, पाय लुळे. चेहरा तेवढा लालबुंद, तकतकीत.

"बघा," बाबा माईकवर म्हणाले, "पोटात काही नाही, तरी दिवसातून वीस वेळा जुलाबाचं पाणी जातं. मग जातं काय? पाप जातं. अन् पाप जाईल तसं तेज वर येतं. बाई वाळली म्हणता? अहो, मळ निघाला की कापड हलकंच होतं."

लोक हसले. बाबांनी तिचं मनगट धरलं, डोळे अर्धे मिटून मंत्र म्हटला आणि तांब्यातलं पाणी घोटाघोटाने पाजलं. तास-दीड तास मंत्रघोष चालला. मग बाबांनी हात पुढे केला. वहिनी उठली. चार पावलं चालली. खोली दणाणून गेली, तिच्या नवऱ्याने, दादाने, डोळे पुसले.

दादाची धाकटी बहीण मागे भिंतीला टेकून उभी होती. सरकारी रुग्णालयात रक्त तपासण्यात तिची बारा वर्षं गेली होती. मंत्र म्हणताना बाबांचे अर्धे उघडे डोळे समोरच्या घड्याळाच्या सेकंदकाट्यावर होते, हे तिने पाहिलं. हा माणूस नाडी मोजत होता, आणि ती कशी मोजायची हे त्याला कुणीतरी शिकवलं होतं.

घरी आल्यावर ती म्हणाली, "दादा, वहिनीला रुग्णालयात नेऊ या."

दादा बसगाड्यांच्या आगारात मेकॅनिक. हातातला टॉवेल त्याने खुर्चीवर टाकला. "तीन महिने नेलं ना? कुणी जंत म्हणालं, कुणी आमांश. शेवटचा तर म्हणाला मनाचा खेळ आहे, कामाला लावा. बाबांनी निदान ती ढोंग करते असं तरी म्हटलं नाही. तिचा लहानपणापासूनचा दमा गेला की नाही? पित्ताची जळजळ गेली की नाही? ती कुणी घालवली?"

धाकटी आत वळली. ती वहिनीजवळ जाऊन बसली.

"दोन दिवस बरं वाटतं गं," वहिनी म्हणाली. "मग पुन्हा पाय गळतात."

"गळाले की मला फोन करा. रक्त घेते."

"घे. बाबांना सांगू नकोस."

तांब्यात उरलेलं पाणी दादाने बाटलीत भरून आणलं होतं. त्यातलं थोडं धाकटीने काढून ठेवलं. चौथ्या दिवशी सकाळी वहिनीचा फोन आला. रक्तात पोटॅशियम निघालं दोन पूर्णांक एक, साडेतीनच्या खाली नको तिथे. चूक झाली असेल म्हणून तिने पुन्हा तपासलं, तोच आकडा. एवढ्यावर हृदय कधीही थांबू शकतं. मग तिने बाबांचं पाणी यंत्रात घातलं. त्यात इतकं पोटॅशियम होतं की यंत्राने आकडाच दिला नाही. शंभर पट पातळ केल्यावर दिला. ते साखर घालून गोड केलेलं पोटॅशियमचं औषध होतं.

पोटविकाराच्या डॉक्टरीणबाईंनी दोन्ही कागद पाहिले आणि एकच विचारलं, "उपाशी असतानाही जुलाब थांबत नाहीत?"

"बाबा तर तेच माईकवर सांगतात."

"मग आजाराचं निदान तोच सांगतोय." बाईंनी पेन खाली ठेवलं. "आपल्या मज्जातंतूंतून एक बारीकसं प्रथिन स्रवतं. हवं तिथे, चिमूटभर, अन् दोन मिनिटांत विरतं. ते आतड्याचे, रक्तवाहिन्यांचे, श्वासनळ्यांचे आपोआप चालणारे स्नायू सैल करतं. आतड्यात पाणी सोडायला लावतं, जठरातलं आम्ल कमी करतं. स्वादुपिंडात एक गाठ होते, दुर्मीळ आहे, ती हेच प्रथिन रात्रंदिवस ओतत राहते. आता जुळवा. रक्तवाहिन्या सैल झाल्या की चेहरा लाल. श्वासनळ्या सैल झाल्या की बहुधा दमाही दबतो. आम्ल नाही म्हणून जळजळ नाही. पाण्याबरोबर पोटॅशियम वाहून जातं म्हणून पाय लुळे. ते पाजलं की बाई उठते. गाठ जागच्या जागी." कागद बाजूला ठेवत त्या म्हणाल्या, "तीन महिन्यांत आपण एकदाही पोटॅशियम पाहिलं नाही. ही चूक आपली."

धाकटीने दादाला फोन लावला. तो उचलेना. वहिनीला पुन्हा व्यासपीठावर नेलं होतं.

ती पोचली तेव्हा खुर्ची मांडून झाली होती. दादाला दंडाला धरून तिने पडद्यामागे नेलं. बाबा तांब्यात बाटली रिकामी करत होते. धाकटीने बाटलीवरचं औषधाचं नाव मोठ्याने वाचलं.

बाबा दचकले नाहीत. "मूत्रपिंडाच्या वॉर्डात नऊ वर्षं कामाला होतो, पोटॅशियम उतरलं की माणूस कसा गळतो ते पाहिलंय. मी तिला उभी तरी करतो. तुम्ही लोकांनी काय केलं?"

"ती आजारी आहे हे तुम्हाला ठाऊक होतं?" दादाने विचारलं.

"मला काय डोळे नाहीत?"

"मग पाठवलं का नाही कुठे?"

बाबा तांब्या ढवळत राहिले. बरी झालेली बाई दर आठवड्याला पुन्हा कशी बरी करणार? दादाला ते कळलं.

दादाने वहिनीला उचललं. गर्दी वाट देईना. "चमत्कार अर्धा टाकून नेता?" एक म्हातारा म्हणाला. धाकटीने माईक घेतला. तेज कशाचं, पाणी कशाचं, तांब्यात काय, सगळं चार वाक्यांत सांगितलं आणि बाटली वर धरली. काहींनी शिव्या दिल्या. पुढच्या रांगेतल्या एका बाईने मात्र तापाने फणफणलेल्या आपल्या मुलीला कडेवर घेतलं आणि जिना उतरू लागली. तिच्या मागून वाट झाली.

गाठ स्वादुपिंडाच्या निमुळत्या टोकाला निघाली. यकृतावरही ती पसरल्याचे डाग होते. गाठ काढली. यकृतावरचे डाग राहिले. त्यांच्यासाठी दर महिन्याला इंजेक्शन. चेहऱ्याची लाली ओसरली, पाय सावरले. दमा परत आला. वहिनी श्वास ओढत म्हणाली, "हा माझा जुना ओळखीचा."

दादाने डॉक्टरीणबाईंना विचारलं, "आधी आणलं असतं तर?"

"सुरुवातीचे तीन महिने आमच्याकडून गेले," त्या म्हणाल्या. "पुढचे पाच त्याच्याकडे. डाग त्या आठांतल्या कुठल्या महिन्यात पडले, हे मला माहीत नाही."

दादाने पुढच्या इंजेक्शनची तारीख लिहून घेतली.

बाबांनी गाव बदललं आहे. तिथेही खोली भरते म्हणतात. म्हणून सांगायचं ते एवढंच. आपलं माणूस झिजत असताना कुणी त्याला तेज म्हणालं, तर कशाने, हे विचारा. डॉक्टर मनाचा खेळ म्हणाला, तर त्यालाही विचारा, काय तपासून म्हणता? "मला माहीत नाही, शोधू या," असं म्हणणारा माणूस मिळेपर्यंत दारं ठोठावा. ज्याच्याकडे प्रत्येक दुखण्याचं उत्तर आधीच तयार असतं, त्याने तुमच्या माणसाकडे अजून नीट पाहिलेलं नसतं. किंवा पाहिलेलं असतं, आणि तो गप्प असतो.