चित्रातले कुरण

ओलिंतोने ब्रशचे टोक गडद हिरव्यात बुडवले, डोळे अर्धे मिटून समोरच्या उताराकडे पाहिले आणि कॅनव्हासवरच्या कुरणात आणखी एक ठिपका ठेवला. मग चित्र लांबून बघायला तो एक पाऊल मागे सरला. पण सरण्याआधी त्याने वळून खात्री करून घेतली, टाच रस्त्यावरच पडते आहे ना. रस्त्याच्या कडेच्या गवतावर तो पाय ठेवत नव्हता. ईझलचे तिन्ही पायसुद्धा त्याने रस्त्याच्या मधोमध रोवले होते.

"मास्तर, जरा कडेला व्हा, बैलगाडी यायची असते इथून," जवाच्या कॉफीचे भांडे घेऊन फाटकातून येत झेलिंदा म्हणाली. "माझ्या कोंबड्या बघा. कशा बिनघोर हिंडतायत."

"कोंबडीला जिवाची किंमत कळत नाही, झेलिंदाबाई."

"आणि तुम्हाला जरा जास्तच कळते."

तो भित्रा होता हे खरेच होते. युद्धाआधी सलग बारा वर्षे तो दर मे महिन्यात फ्लोरेन्सहून या खोऱ्यात यायचा, झेलिंदाच्या माडीवर पंधरा दिवस राहायचा आणि वाटेल त्या शेतात ईझल ठोकून उभा राहायचा. मग लढाई याच डोंगरांवर येऊन एक अख्खा हिवाळा अडून बसली. जर्मन गेले ते जाताना जमिनीत सुरुंग पेरून. मागच्या शरदात शेजाऱ्याचा बैल समोरच्या कुरणात उडाला, तेव्हा कुठे शहरातून यंत्रे घेऊन माणसे आली. त्यांनी चाळीस लोखंडी सुरुंग काढले, खांबावर 'मोकळे' अशी पाटी ठोकली आणि ती निघून गेली. गावाने पाटीवर विश्वास ठेवला. ओलिंतोने ठेवला नाही. त्याच्या एका चित्रकार मित्राचा पाय अशाच एका मोकळ्या शेतात राहिला होता.

सात वर्षांनी तो आला होता आणि आज त्याचा पाचवा दिवस होता. चार दिवस तो याच जागेवरून, याच वेळी, तिरप्या उन्हातले हेच कुरण आणि त्यातले एकटे पेअरचे झाड रंगवत होता. आज कुरणात माणसेही होती. दव आहे तोवर गवत कापून घ्यायचे म्हणून चौघे जण पहाटेच उतरले होते आणि लांब दांड्याचे विळे डावी-उजवीकडे फिरवत, एकामागे एक तिरपी रांग धरून वरून खाली येत होते. सगळ्यात मागे झेलिंदाचा दीर सेत्तीमिओ, मध्ये दोघे शेजारी आणि सगळ्यांच्या बरेच पुढे तिचा मुलगा फोस्को. बावीस वर्षांचा. थोरला दुईलिओ रशियाच्या आघाडीवर गेला तो गेलाच. आता हा एकच.

झेलिंदाने पेल्यात कॉफी ओतून त्याच्या हातात दिली आणि चित्रात डोकावली.

"हे काय? कुरणाला बटणं कशाला लावलीत?"

"आहेत म्हणून लावली."

"तुम्ही कधीपासून आहे ते रंगवायला लागलात? माझं डुकरांचं खोपट कुठं गेलं होतं मग?"

ओलिंतो हसला. एकोणचाळीस साली त्याने तिच्या घराचे चित्र काढून तिला भेट दिले होते. ते अजून स्वयंपाकघरात टांगलेले होते आणि त्यात घराला लागून असलेले खोपट नव्हते. चित्र बिघडते म्हणून त्याने ते गाळले होते. झेलिंदा हा टोमणा सात वर्षे जपून होती.

"या ठिपक्यांची गोष्ट वेगळी," तो म्हणाला. "इथं उभ्या राहा. डोळे अर्धे मिटा. खालच्या अंगाला बघा, गवत मधेच दाट आणि काळपट झालंय. ऊन वर चढलं की दिसत नाही. गाईंच्या शेणानं होत असेल."

झेलिंदाने डोळे बारीक केले. ती ओठांतल्या ओठांत मोजू लागली.

"गाई मोजून शेण टाकत नाहीत, मास्तर," ती हळूच म्हणाली. "तीन पावलांवर एक. मी बटाटे असे लावते."

ओलिंतोला आधी कळले नाही. मग कळले. जमीन उकरून पुन्हा बुजवली की तिथले गवत जोमाने येते, हे कुणी सांगायला नको होते. लाकडी पेटीतले सुरुंग यंत्राला लागत नाहीत, हे त्याने फ्लोरेन्समध्ये ऐकले होते. आणि उभ्या गवतात गावातले कुणी पाऊल टाकत नाही, चारा तुडवला जातो म्हणून. त्यामुळे वसंत सरला तरी खालच्या कुरणात कुणीच गेले नव्हते. चार दिवस तो ते ठिपके कौतुकाने रंगवत होता.

त्याने ओरडायला तोंड उघडले. झेलिंदाने त्याच्या दंडाला घट्ट धरले.

"हाक मारू नका! हाक ऐकली की फोस्को सरळ खाली धावत येईल. या सगळ्यावरून." तिने भांडे अगदी अलगद जमिनीवर ठेवले. "मी घंटा देते. तुम्ही हलू नका, हातसुद्धा वर करू नका."

"घंटा ऐकून आग लागली असं वाटलं तर?"

"आगीची नाही. दुपारच्या प्रार्थनेची. तीन, तीन आणि तीन."

आणि ती चर्चकडे निघाली. चर्चचा मनोरा तोफांनी पाडल्यापासून घंटा अंगणात लाकडी चौकटीला टांगलेली होती, शंभरेक पावलांवर. झेलिंदा धावली नाही. विहिरीवर निघाल्यासारखी चालत गेली, कारण आईला धावताना पाहिले असते तर तो धावलाच असता.

ओलिंतो एकटा राहिला. फोस्कोचा विळा ठिपक्यांच्या पहिल्या ओळीला भिडला होता. पाते गवतातून सरकन् फिरायचे आणि एक ठिपका नाहीसा व्हायचा. मग फोस्को पाऊल पुढे टाकायचा. पुन्हा पाते, पुन्हा पाऊल. कॉफी हातावर सांडत होती आणि ती गरम आहे हेही त्याला कळत नव्हते. त्याला डोळे मिटून घ्यायचे होते, पण मिटवत नव्हते. फोस्को शीळ घालत होता. शीळ घालत घालतच त्याने पहिली ओळ पार केली आणि तो दुसऱ्या ओळीकडे सरकू लागला.

टण, टण, टण.

चौघांचे विळे थांबले. चार टोप्या उतरल्या. सेत्तीमिओने डोळ्यांवर हात धरून सूर्याकडे पाहिले, सकाळचे आठही वाजले नव्हते. पण टोपी त्याने हातातच ठेवली. घंटा झाली की माणूस असेल तिथे उभा राहतो, कारण नंतर विचारतो. पुन्हा तीन. पुन्हा तीन. आणि मग झेलिंदाचा आवाज, जेवायला बोलवावे इतका सरळ:

"जिथे आहात तिथेच उभे राहा! कुणी पाय हलवू नका. खाली सुरुंग आहेत."

सेत्तीमिओने वरून विचारले, "वहिनी, आम्ही तिघे?"

"तुम्ही ओळीच्या वर आहात. आल्या वाटेनं मागं जा. फोस्को, तू नाही!"

तिघे पाऊल पाऊल मागे गेले. फोस्को एक पाय पुढे आणि एक मागे अशा अवस्थेत, टोपी छातीशी धरून, पेअरच्या झाडाकडे पाठ करून, पहिल्या दोन ओळींच्या मध्ये उभा राहिला. त्याच्या मागे कापलेले गवत आडवे पडले होते. त्यात ना त्याची पावले दिसत होती ना ठिपके. ते आता एकाच ठिकाणी शिल्लक होते, ओलिंतोच्या कॅनव्हासवर.

झेलिंदा परत आली तेव्हा धापा टाकत होती.

"शहरातनं माणसं यायला दोन दिवस लागतील. तो दोन तास उभा राहायचा नाही." ती चित्रासमोर वाकली. "सांगा. कुठून मागं घेऊ त्याला?"

"पेअरच्या झाडासमोर ओळीत मोकळी जागा आहे," ओलिंतो म्हणाला. "सरळ मागं जाऊ दे."

"आई," वरून फोस्को म्हणाला, "गुडघा थरथरतोय गं."

"थरथरू दे. उभा राहा."

झेलिंदाने बोट कॅनव्हासच्या अगदी जवळून, न टेकवता, ठिपक्यांवरून फिरवले. एक, दोन, तीन, चार. पेअरच्या झाडाखाली बोट थांबले.

"सगळीकडे तीन पावलं. इथंच सहा कशी?"

ओलिंतोने चित्रावरची नजर काढली.

"मास्तर, माझं खोपट काढलंत तसं इथनं काही काढलं नाहीत ना?"

नाही म्हणावे, असे त्याला एक क्षण खरोखर वाटले. भीतीने माणूस कुठल्या थराला जातो ते त्याला त्या क्षणी कळले आणि त्याची स्वतःलाच किळस आली.

"एक काढला," तो म्हणाला. "परवा. बरोबर बुंध्याखाली येत होता. झाड चेंडूवर उभं केल्यासारखं दिसायचं. मी वर फिका रंग दिला."

झेलिंदाने त्याच्याकडे पाहिले. शिवी दिली असती तर बरे झाले असते.

"कुठं होता?"

"बुंध्याखाली..."

"बुंधा दोन हात रुंद आहे! डावीकडे की उजवीकडे?"

त्याला आठवेना. चाळीस वर्षे जे डोळे मिरवले, त्यांनी जे नको ते पाहिलेच नव्हते. त्याने रंग कालवायची सुरी उचलली आणि बुंध्याखालचा फिका हिरवा रंग खरवडू लागला. वरचा थर अजून ओला होता. घाईत सुरीने झाडाचा अर्धा बुंधाही गेला. चार दिवसांत कधी नव्हे इतके चांगले जमलेले चित्र तो खरवडत होता आणि त्याचे त्याला काही वाटत नव्हते. मग सुरीच्या टोकाला गडद हिरवा लागला. बुंध्याच्या डाव्या कडेला, नखाएवढा.

"डावीकडे," तो म्हणाला. "माझ्या डाव्या हाताला. त्याला म्हणावं, माझ्या उजवीकडे एक पाऊल. पण आधी जागेवर वळू दे. हळू."

तो आपल्या जागेवर, एक डोळा मिटून, ब्रशचा दांडा बुंध्याच्या रेषेत धरून उभा राहिला आणि झेलिंदा वर सांगत गेली.

"वळ. झाडाकडे तोंड कर. आता उजव्या हाताला एक पाऊल. अजून अर्धं. हळू, बाळा. घाई नाही."

फोस्कोने पाय उचलला, टेकवला. मग दुसरा.

"आता सरळ वर. पहिलं पाऊल. हळू. घाई नाही."

दुसरे पाऊल. तिसऱ्याला तो डगमगला, विळ्याचा दांडा टेकायला त्याने हात लांब केला आणि मध्येच आवरला. चौथे पाऊल. पाचवे. सेत्तीमिओने वरून हात दिला आणि फोस्को त्याच्या अंगावर कोसळला. दोघे कापलेल्या गवतात बसले.

झेलिंदाही रस्त्यावरच बसली. थोड्या वेळाने तिने कॉफीचे भांडे उचलले, त्यात बघितले आणि उरलेली कॉफी स्वतः पिऊन टाकली.

दुपारी सेत्तीमिओ शहरात वर्दी द्यायला गेला. फोस्को स्वयंपाकघरात बाकावर दोन्ही पाय वर घेऊन बसला होता, जमिनीला लावत नव्हता. ओलिंतोने माडीवर पेटी बांधली. आता या गावाला तोंड दाखवायचे नाही असे ठरवून तो खाली आला, तर झेलिंदाने भिंतीवरचे जुने चित्र उतरवून टेबलावर ठेवले होते.

"खोपट घाला," ती म्हणाली.

त्याने मुकाट्याने रंगांची पेटी सोडली. एवढ्यावर भागले, असेच त्याला वाटले. घराच्या उजव्या बाजूला त्याने तपकिरी रंगात खोपट काढले, कौले काढली, दार आणि दाराचे दोन खांब काढले. काढता काढता त्याला हसूही आले.

"झालं. डुकरं किती होती?"

"डुकरं राहू द्या. दारात दुईलिओ घाला."

ओलिंतोचा ब्रश थांबला.

"त्या दिवशी तो दारात उभा होता," ती म्हणाली. "तासभर हलला नाही, चित्रात यायचं म्हणून. तुम्हीच त्याला हटकलंत, 'अरे, बाजूला हो, उगाच ठिपका पडतोय.' हसत हसत घरात आला. मला म्हणाला, मास्तरांना मी नको."

बाकावर फोस्को खिडकीबाहेर बघत होता. ओलिंतोने आठवून पाहिले. खोपट आठवले, त्यावरचे ऊन आठवले. मुलगा आठवेना. सकाळी वाटली नव्हती अशी भीती त्याला आता वाटली.

"झेलिंदाबाई, मला त्याचा चेहरा आठवत नाही."

"लांबून चेहरा कुठं दिसतो? उभा होता, एवढं दिसू दे. त्याचा एकसुद्धा फोटो नाही माझ्याकडं."

"कुठल्या बाजूला होता?"

तिने बोट जवळ नेले, न टेकवता. "उजव्या खांबाला टेकून."

ओलिंतोने ब्रशचे टोक गडद रंगात बुडवले. त्याने हात चित्रापर्यंत नेला, मागे घेतला, पुन्हा नेला. तेव्हा झेलिंदाने त्याच्या कोपराखाली आपला तळवा धरला.

"हळू, मास्तर," ती म्हणाली. "घाई नाही."