पाच नंबर

हॉस्टेलच्या मागच्या भिंतीवरचे डाग गोल होते. इस्पितळाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ असलेल्या सत्यभामाने तिथली पट्टी आणून ते मोजले. प्रत्येकाचा व्यास अकरा ते बारा सेंटिमीटर, उंची गुडघ्याएवढी किंवा त्याहून थोडी कमी. एकूण चौतीस. त्यातले सत्तावीस डाव्या बाजूला, सात उजव्या. पांढऱ्या चुन्यावर सौदीतल्या यान्बूची तांबूस धूळ कुणीतरी शिक्के मारल्यासारखी उमटली होती. मागच्या शनिवारी हेच डाग सव्वीस होते.

"बघलंस?" मागून इस्मत म्हणाली. ती हर्णैची, बायकांच्या वॉर्डात नर्स. हॉस्टेलमध्ये मराठी बोलणाऱ्या त्या दोघीच. "दर जुम्म्याला चाललंय. वॉचमन मशिदीत गेला रे गेला, की धप्प, धप्प. माझं नमाजात चित्त लागत नाय. ती कोपऱ्यातली गोरी सिस्टरच आसणार. भिंतीला भोक पाडून पळायच्या बेतात हाय मेली."

"पळून जाईल कुठे? पलीकडे रिफायनरीचं बांधकाम, त्याच्या पलीकडे समुद्र."

"मग दारू गाळत आसंल. त्या गोऱ्यांच्या घराघरात गाळतात म्हणे. ड्रम आपटत आसंल."

"ड्रमाचा डाग असा गोल उमटत नाही."

"भामाताई, तू डाग मोजत बस. पोलीस आले की सगळ्यांचे इकामे मोजतील."

सत्यभामा हसली नाही; इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, गेला की परतीचं विमान. कोपऱ्यातल्या खोलीत राहणारी सिस्टर टेट ऑपरेशन थिएटरची नर्स होती. स्कॉटलंडची, बत्तीस-तेहेतीसची, उंच, फारसं न बोलणारी. दोन वर्षं झाली, पण तिच्या खोलीत कुणी पाऊल टाकलं नव्हतं. मेसमध्ये रांगेत उभी असली, की तिचा सगळा भार डाव्या पायावर असायचा. हे सत्यभामाने डिसेंबरपासून टिपून ठेवलं होतं. एकदा मोजा सरकला तेव्हा नडगीवरचे जुने व्रण दिसले होते, एकावर एक. असे व्रण पडून होत नाहीत. कुणीतरी मारल्याने होतात.

त्याच दिवशी, शनिवारी, म्हणजे इथल्या आठवड्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी, प्रयोगशाळेत सकाळच्या ट्रेमध्ये एक बाटली आली. चार मिलिलिटर पाणी, पिवळट, तांबूस झाक असलेलं. चिठ्ठीवर लिहिलं होतं: नूरुन्निसा बेगम, बायकांचा वॉर्ड, उजवा गुडघा. फाइलचा नंबरही बरोबर होता.

सत्यभामाने बाटली खाली ठेवली. नूरुन्निसा म्हणजे बदरुद्दीन ड्रायव्हरची बायको, बाणकोटची. गरोदरपणात तिचं रक्त सत्यभामानेच काढलं होतं. बाळाला घेऊन दिवाळीच्या सुमारास ती गावी गेली, जाताना कोकमाच्या आगळाची बाटली देऊन गेली. ती बाटली अजून सत्यभामाच्या कपाटात होती. यान्बूतली कोकणातली झाडून सगळी माणसं एकमेकांना ओळखतात, कोण कुठल्या विमानाने गेलं तेही. ज्याने कुणी जुनी फाइल उघडून हे नाव उचललं, त्याला हे माहीत नव्हतं. त्याच्या लेखी एक बेगम दुसरीसारखीच असणार.

खोट्या नावाचा नमुना. रजिस्टरमध्ये नोंद केली की खाली सही सत्यभामाची. मागच्या वर्षी हनीफ नावाच्या तंत्रज्ञाने कुणाच्या तरी सांगण्यावरून नमुन्यावरचं नाव बदललं होतं. चौकशी झाली आणि तिसऱ्या दिवशी त्याच्या हातात पासपोर्ट आणि तिकीट होतं. कफील, म्हणजे व्हिसा देणारा मालक, एक शब्दच बोलला होता, 'खलास.'

बाटली बेसिनमध्ये ओतून टाकणं सोपं होतं. पण गुडघ्यातलं पाणी कुणीतरी सोसून काढलेलं असतं. सत्यभामाने एक थेंब काचेवर घेतला. पू नव्हता, जंतू नव्हते. जुनं रक्त होतं. आणि कूर्चेचे, सांध्यातल्या मऊ हाडाचे तुकडे, खोवलेल्या नारळाच्या किसासारखे, बारीक, पांढुरके, बरेच. तिने भिंग बदलून पुन्हा पाहिलं. मग रजिस्टरमधली ती ओळ कोरी ठेवली आणि कडेला पेन्सिलने एक टिंब दिलं.

इतक्या सफाईने पाणी काढायला सरावाचा हात लागतो. थिएटरमधला. आठवडाभर ती सिस्टर टेटच्या चालण्याकडे बघत राहिली. सिस्टर टेटनेही ते ओळखलं असावं, कारण बुधवारी मेसमध्ये ती मुद्दाम उजव्या पायावर उभी राहिली. फार वेळ नाही.

शुक्रवारी दुपारी बांग झाली. वॉचमन फाटकाला कडी घालून मशिदीकडे गेला. सत्यभामा आधीच पाण्याच्या टाकीआड उभी होती.

सिस्टर टेट आली ती सैल विजार आणि पुरुषी शर्ट घालून. गुडघ्याला पट्टी. बगलेत फुटबॉल. तिने चेंडू खाली ठेवला, चार पावलं मागे गेली आणि डाव्या पायाने मारला. धप्प. परत आलेला चेंडू तिने न बघताच अडवला. पुन्हा मारला. दहा-बारा वेळा झाल्यावर उजव्याने मारून पाहिलं आणि भिंतीला हात टेकून तशीच उभी राहिली.

"टाकीच्या मागे कोण आहे?" ती वळून न बघता म्हणाली. "तुझी सावली पुढे आली आहे."

सत्यभामा पुढे झाली. कानशिलं तापली होती, पण तिने चष्मा पुसायचा वेळ घेतला. "नूरुन्निसा दिवाळीतच गावी गेली, सिस्टर टेट."

सिस्टर टेटने पायाने चेंडू जवळ ओढला. मग चेंडूवर बसली, उजवा पाय पुढे लांब करून. "तुम्ही सगळे एकमेकांना ओळखता हे मला कुणी सांगितलं नाही."

"सुई कुणी घातली?"

"मीच. खोलीचं दार लावून."

"माझी नोकरी गेली असती."

"माहीत आहे. माझ्या नावाने पाठवलं असतं तर माझी गेली असती. थिएटरमध्ये आठ तास उभं राहू न शकणारी नर्स कुणाला हवी? आणि गुडघा कशाने गेला म्हणून विचारलं असतं तर काय सांगणार होते? इथे, बाईने?" तिने चेंडूवर थाप मारली.

"मला वाटलं, तुला कुणीतरी मारतं. किंवा तू दारू गाळतेस."

सिस्टर टेट पहिल्यांदाच हसली. "दोन्ही अंदाज वाईट नाहीत. नडग्यांवर मारणाऱ्या मात्र बायकाच होत्या."

मग तिने खिशातून एक पत्र काढलं. घड्यांवर कागद विरत आला होता. सात आठवडे झाले होते येऊन. ती देशासाठी नऊ सामने खेळली होती. बचावफळीत, पाठीवर पाच नंबर. तो नंबर आईने घरी शिवला होता. सुरुवातीला मैदानं मिळायची नाहीत, बसमध्ये पडदा लावून कपडे बदलायचे. प्रत्येक सामन्याला इस्पितळातून बिनपगारी रजा. शेवटी मेट्रननेच विचारलं होतं, नर्स आहेस की कोण? मग ती इथे आली. आता संघाच्या प्रशिक्षक बाईंनी लिहिलं होतं: मे महिन्यात परदेशी दौरा आहे, मागे उभं राहणारी जाणती कुणी उरली नाही, पाच नंबर तुझ्यासाठी ठेवला आहे, येतेस का?

"इथला करार मार्चमध्ये संपतो," ती म्हणाली. "इथल्या मेट्रनने दोनदा विचारलं, पुढे राहणार का. तिला म्हणते, सांगते. ह्यांना लिहिते, कळवते. पाणी तपासायला पाठवलं ते त्यासाठीच."

"फोटो आहे?"

"एकदा वर्तमानपत्रात आला होता. गोल करणारी मधोमध. माझं फक्त कोपर." तिने कोपर पुढे केलं, जणू ओळख पटावी म्हणून. "झालेले गोल लोकांच्या लक्षात राहतात. न झालेले कोण मोजणार?"

सत्यभामाला हे प्रयोगशाळेतल्यासारखं वाटलं. जंतू नाहीत, असा अहवाल कुणी जपून ठेवत नाही.

"तू टाकीमागून बघत होतीस ना, मैदानावर तेच माझं काम," सिस्टर टेट म्हणाली. "समोरची जे दाखवते ते खरं मानायचं नाही. पायांकडे बघायचं नाही, पाय खोटं बोलतात. कमरेकडे बघायचं. कंबर जाईल तिकडेच माणूस जातं."

"बुधवारी मेसमध्ये तू उजव्या पायावर उभी राहिलीस. तुझी कंबर डावीकडेच होती."

सिस्टर टेटने तिच्याकडे नीट पाहिलं. "पाण्यात काय होतं?"

सत्यभामाने सगळं सांगितलं. जुनं रक्त, कूर्चेचे तुकडे. बरे शब्द शोधायच्या भानगडीत ती पडली नाही.

"तुकडे म्हणजे संपलं असं नाही. मी असल्या गुडघ्याने पळणाऱ्या मुली पाहिल्यात." ती उठली. चेंडू सत्यभामाकडे ढकलला. "तू मला चुकवून भिंतीपर्यंत जा."

"मी? मी जन्मात चेंडूला पाय लावला नाही. देवरुखला आमच्या शाळेत मुलींना लगोरीसुद्धा खेळू देत नव्हते."

"म्हणूनच. तुझ्यापुढे हरले तर सबब सापडणार नाही."

सत्यभामाने साडीच्या निऱ्या वर खोचल्या आणि चपला काढल्या. वाळू ऊन होती. पहिल्यांदा ती सिस्टर टेटच्या डावीकडून गेली. म्हणजे निघाली, आणि चेंडू पायाशी नव्हता. तो कधी गेला, हेही कळलं नाही. सिस्टर टेट मागे शांत उभी होती, चेंडू तिच्या तळव्याखाली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदाही. अडतीस वर्षांच्या सत्यभामाला उगीच हसू आलं. नऊ सामने हे असे झाले असणार. समोरच्या बायकांना कळत नसणार, आपलं काय गेलं.

"आता दुसरीकडून," सिस्टर टेट म्हणाली.

सत्यभामा दुसरीकडून निघाली. सिस्टर टेटची कंबर वेळेवर वळली, खांदाही वळला. उजवा गुडघा वळला नाही. सत्यभामा तिच्या बाजूने निघून गेली आणि भिंतीला जाऊन धडकली.

तिला पहिला संशय आला तो दयेचा. "तू मला जाऊ दिलंस."

"परत."

ह्या वेळी सत्यभामाने चेंडूकडे बघितलंच नाही. ती फक्त त्या कमरेकडे बघत धावली. कंबर खोटं बोलत नव्हती. बाईने जीव तोडून अडवलं होतं. सत्यभामा पुन्हा गेली.

"परत," सिस्टर टेट म्हणाली. आवाज चिरका झाला होता.

एका निरीक्षणाने काही ठरत नाही, दोनानेही नाही, हे सत्यभामा नव्या मुलींना शिकवत असे. आज तिसरं नको होतं. तरी ती धावली. सिस्टर टेट वळता वळता हातावर पडली आणि चेंडू हळूहळू घरंगळत भिंतीला टेकला.

वरच्या खिडकीतून इस्मतचा आवाज आला. "अगो बाय! भामाताई, तू पण? निऱ्या खोचून?"

"गप गो. आत जा."

"ती पडली काय? बर्फ आणू?"

"आण. आणि कुणाला बोलू नकोस."

"मी कशाला बोलतंय? जुम्म्याचा दिवस. मी काय बघलंच नाय." खिडकी मिटली.

सत्यभामाने हात पुढे केला. सिस्टर टेट तो धरून उठली आणि तळव्यावरची वाळू झटकत राहिली. तीन डावीकडून अडले, तीन उजवीकडून सुटले. कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. मशिदीतून माणसं बाहेर पडल्याचा गलका ऐकू येऊ लागला.

"रजिस्टरमध्ये एक ओळ कोरी आहे," सत्यभामा म्हणाली. "उद्या सकाळी ती भरावी लागेल. हवी तर मी त्यावर रेघ मारते, नमुना सांडला म्हणून. माझी सही असेल, मला चालेल."

इथल्या चार वर्षांत तिने असं कधी कुणाला म्हटलं नव्हतं.

सिस्टर टेटने चेंडू उचलला. त्याच्यावरचा चुना शर्टाच्या बाहीने पुसला, एक एक शिवण, सावकाश. पत्र पुन्हा घडीवर घडी घालून खिशात ठेवलं.

"नको," ती म्हणाली. "नाव लिही. मोराग टेट, उजवा गुडघा. डॉक्टरांना काय करायचं ते करू देत." फाटकाची कडी वाजली तरी तिने आवाज खाली केला नाही. "आणि आज मी त्यांना पत्र लिहिते. मी आता खेळणार नाही. पाच नंबर दुसऱ्या मुलीला द्या."