न फिरलेली चक्री

मित्रांनो, मी एक जुना आणि खरं सांगायचं तर चिडका कॅमेरा आहे. अमेरिकेत, आयोवा राज्यातल्या एका मातीच्या शर्यतीच्या मैदानाला लागून बर्गरची टपरी आहे. तिच्या फळीवर, केचपच्या बाटल्यांमागे मी बसलेला असतो. समोरच्या भिंतीवर विजेत्यांचे फोटो आहेत. ते सगळे मी काढले. त्यातला एक खोटा आहे आणि नेमकं त्याचंच लोक सगळ्यांत जास्त कौतुक करतात! मग चिडू नको तर काय करू?

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. पोटात बॅटरी नाही, सगळा कारभार स्प्रिंगांचा आणि दातेरी चाकांचा. डेल्बर्ट क्राउझने मला घेतलं तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. आठवडाभर तो ट्रॅक्टर दुरुस्त करायचा आणि शनिवारी मला गळ्यात अडकवून वळणावरच्या कुंपणाला चिकटायचा. गावातलीच माणसं जुन्या मोटारी ठोकूनठाकून पळवायची. वळणावर त्या आडव्या व्हायच्या आणि मातीची ढेकळं थेट माझ्या भिंगावर यायची. डेल्बर्ट सदऱ्याच्या टोकाने मला पुसायचा. त्या सदऱ्याला ग्रीस असायचं, तरी मी ते गोड मानून घेतलं. लग्नाचे फोटो काढायला त्याला कितीदा बोलावणं आलं, पण हा गेला नाही. "तिथं कोणी धडकत नाही," म्हणायचा.

चालकांचा एक नियम होता. शर्यतीआधी फोटो काढू द्यायचा नाही. काढला, की मोटार मोडलीच म्हणून समजा. या बाबतीत सगळ्यांत कट्टर होता लाइल होस्टेटर, सत्तेचाळीस नंबरच्या मोटारीचा. सव्वीस वर्षं पळाला, पण एकदाही जिंकला नाही. ही टपरी त्याच्या बायकोची, आर्डिसची. ती रोज दुसऱ्यांचे फोटो पुसायची. दाराजवळ तिने एक खिळा मोकळा ठेवला होता. कोणी त्याला टोपी अडकवली, तर ती टोपी बाहेर भिरकावून द्यायची.

पुढे लाइलची पाठ कामातून गेली. जत्रेतली दुपारची शर्यत ही त्याची शेवटची ठरली. त्या दुपारी डेल्बर्ट त्याच्या मोटारीजवळच उभा राहून माझ्या पोटात फिल्म भरत होता. माझं भिंग लाइलकडे वळलं आणि तो ओरडला, "ए डेल्बर्ट! ते डबडं तिकडं कर!"

"अरे लेका, फिल्म भरतोय नुसती."

"सव्वीस वर्षं माझ्या मुळावर उठलायस! आज तरी दया कर. हो बाजूला!"

डेल्बर्टने घाईघाईने झाकण दाबलं. एरवी तो दोनदा फिल्म पुढे ओढून रिकामी कळ दाबायचा आणि माझ्या डाव्या खांद्यावरची चक्री फिरते का ते बघायचा. चक्री फिरली, म्हणजे आत फिल्म सरकली. त्या दिवशी त्याने बघितलंच नाही. फिल्मचं टोक खाचेतून निसटलं होतं. मला ते कळत होतं, पण मला ज्यांनी डोळा दिला त्यांनी तोंड दिलं नव्हतं.

शेवटच्या फेरीत पुढच्या दोन मोटारी एकमेकींत अडकल्या, लाइल आतल्या बाजूने निसटला आणि जिंकला! तो मोटारीतून उतरला तेव्हा त्याला पाठ सरळ करता येत नव्हती. चेहरा मातीने माखलेला, फक्त चष्म्याखालची जागा गोरी, आणि तिथूनच आसवं वाहत होती. आर्डिस टपरी उघडी टाकून धावत आली. तिच्या गळ्यात पडून तो म्हणाला, "खिळा पक्का आहे ना गं?"

डेल्बर्ट कळ दाबत सुटला. फोटो मोजणारा माझा आकडा छत्तिसावर आला, सदतिसावर गेला, एकोणचाळिसावर पोचला. "नशीब फळफळलं आज!" तो म्हणाला. "छत्तीस फोटोंच्या फिल्मवर एकोणचाळीस!" अरे गाढवा, चक्री बघ, चक्री! मी आतल्या आत जळत होतो.

फिल्म धुतली तेव्हा ती काचेसारखी कोरी निघाली. डेल्बर्ट पालथ्या बादलीवर बसून राहिला. मग उठला आणि स्वतः जाऊन सांगून आला. लाइल म्हणाला, "मीच हाकललं तुला." आर्डिस म्हणाली, "मग पुन्हा काढा. कोणाला कळणार आहे?"

पुढच्या शनिवारी मोटार धुतलेली होती. आर्डिसने नवा एप्रन घातला आणि लाइलच्या गालांना चिमूटभर माती फासली. तो सांगितल्यासारखा हसला. तोच फोटो आज त्या खिळ्यावर आहे. येणारे जाणारे म्हणतात, "काय क्षण पकडलाय!" तेव्हा डेल्बर्टचे कान लाल होतात आणि तो बटाट्याचे काप मागवतो. आता त्याच्याकडे लगेच चित्र दाखवणारा कॅमेरा आहे, म्हणून मी इथे फळीवर.

परवा तिघंही इथेच बसले होते. आर्डिसने विचारलं, "त्या दिवशी माझ्या हातात काय होतं रे?"

"चिमटा," लाइल म्हणाला.

"छे, हात रिकामे होते," डेल्बर्ट म्हणाला.

"मला तर काहीच आठवत नाही," म्हणत ती टेबल पुसायला लागली.

मित्रांनो, आकडा पुढे जातोय म्हणून खूश होऊ नका. दोन क्षण थांबा आणि चक्री फिरते का ते बघा. कोणी कितीही आरडाओरडा करो, तेवढं बघाच.

आर्डिसच्या हातात उलथनं होतं. त्याला कांद्याची एक चकती चिकटली होती आणि ती लाइलच्या पाठीवर पडली. ते फक्त मला ठाऊक आहे.