आतून लागणारी कडी

मी एक जुनी लोखंडी कडी आहे, आणि संडासाच्या दाराला आहे. मुरडलेत ना नाक? खुशाल मुरडा. मित्रांनो, मला घाणीची शिसारी येत नाही. घाण कुणाच्याही पोटातून येते, ती काही लपवत नाही. मला शिसारी येते ती स्वच्छ हातांची. का, ते सांगते.

माझा जन्म एका गोंगाटी कारखान्यात झाला. पत्रा कापला, वाकवला, भोके पाडली आणि वरून रंगाचा पातळसा हात फिरवला. कडीचे काम साधे असते. माझा दांडा कोयंड्यात सरकला की बाहेरच्याने कितीही ढकलले तरी दार उघडता कामा नये. कुणाच्या तरी घरात, न्हाणीघराच्या दाराला बसेन, असे मनाशी धरून मी खोक्यात शिरले. ते खोके पोहोचले छावणीत.

त्या मुलखात आधी लढाई झाली, मग पूर आला. गोळीतून वाचलेले लोक पाण्यातून निघाले आणि एका माळावर ताडपत्रीखाली येऊन पडले. त्यांच्या मदतीला संस्था आल्या. संस्था फार झाल्या म्हणून त्यांचा मेळ घालायला समन्वय कार्यालय आले. ते मात्र पक्क्या इमारतीत, पंख्याखाली. माझी भावंडे खोक्यातच राहिली आणि मला नमुना म्हणून बैठकीच्या लांबलचक टेबलावर ठेवले. पंख्याने कागद उडू नयेत म्हणून ते माझ्याखाली दाबत.

संस्थांनी गट पाडून कामे वाटून घेतली होती, आणि वाद असा होता. दार निवारा गटाचे, खड्डा स्वच्छता गटाचा आणि दाराआडचे माणूस संरक्षण गटाचे. मग कडी बसवायची कुणी? यावर ती शिकलेली माणसे तावातावाने बोलत, बिस्किटे खात आणि पुढची बैठक ठरवून उठत. मी समोरच पडलेली असायची, पण मला उचलून दारापर्यंत न्यावे असे एकालाही सुचले नाही.

एके दिवशी एक बाई आत आली. शिवणकाम करणारी होती. तिने आपल्या भाचीचा हात घट्ट धरला होता. पळापळीत पोरीची आई चुकली होती, आता आत्या हेच तिचे सगळे गणगोत.

“बाई, आतून लागेल अशी कडी द्या हो,” आत्या म्हणाली. “संडासापाशी टवाळ माणसं उभी असतात. दार ढकलतात नि फिदीफिदी हसतात. पोरगी जायला घाबरते, म्हणून पाणीच पीत नाही. ताप भरलाय तिला. आणि डॉक्टर म्हणतात, भरपूर पाणी पी!”

“तुमच्या भावना पोहोचल्या आमच्यापर्यंत,” कार्यालय सांभाळणाऱ्या समन्वयक बाई म्हणाल्या. “विषय पुढच्या बैठकीत घेतलाय.”

आवाज अगदी लोण्यासारखा. त्यांनी पोरीच्या गालावर थोपटले, आणि मग तोच हात बाटलीतल्या औषधाने चोळचोळून पुसला. पोरीने ते पाहिले. आत्याची नजर माझ्यावर खिळली होती. हात लांबवला असता तर मी तिच्या मुठीत गेले असते.

पुढे परगावचे बडे पाहुणे छावणी बघायला येणार असे कळले, आणि इतके दिवस अडलेले काम एका दुपारी झाले. मला नि खोक्यातल्या भावंडांना संडासांपाशी नेल्यावर फिटरने विचारले, “आतून ना?”

“बाहेरून लावा,” समन्वयक बाई म्हणाल्या. “फोटोत दिसायला हव्यात. आणि तपासणाऱ्याला दार उघडायला नको. वास येतो.”

ऐकलेत ना? पाहुण्यांनी माझ्यावर अंगठा टेकवून, दात दाखवून फोटो काढला. टाळ्या पडल्या. आयुष्यात माझे कौतुक झाले ते तेवढेच, आणि तो अंगठा मला अजून चिकटल्यासारखा वाटतो.

कड्या लागल्या असे ऐकून ती पोरगी धीर करून आली. आत गेली, दार ओढले. बाहेरच्या एका टवाळाने मला सरकवले आणि ती कोंडली गेली. तिने दारावर धपाधपा हात मारले. बाहेर हसणे चालूच होते. आत्या हातातल्या कात्रीसकट धावत आली तेव्हा कुठे ते पांगले. पोरगी बाहेर आली ती ओठ घट्ट मिटून.

शेजारच्या तंबूतल्या सुतारकाकांनी मला उचकटले आणि आतल्या बाजूला ठोकून बसवले. पोरीने मला स्वतः लावून पाहिले, आत्याला बाहेरून ढकलायला लावले. दार हलले नाही. त्या दिवशी ती भांडेभर पाणी घटाघटा प्यायली. माझ्या जन्माचे सार्थक झाले म्हणा ना!

पण तपासणीला आलेला माणूस नाकाला रुमाल लावून लांबूनच कड्या मोजत गेला. आमच्या दाराला बाहेर कडी दिसेना. दुसऱ्या दिवशी समन्वयक बाई फिटरला घेऊन हजर.

“ताई, संस्थेच्या वस्तूंची अशी मोडतोड करायची नसते.”

“मोडतोड कसली, बाई? आतून लावलीय. एकदा आत जाऊन, बसून बघा ना.”

बाई दोन पावले मागे सरल्या. “नको, मी आत्ताच ऑफिसात जाऊन आले.”

मी त्या इमारतीत राहिलेली आहे. तिथल्या संडासाला कडी आतूनच आहे. बाहेरून कुणी लावून दिली नाही ती!

फिटरने बाहेर नवी कडी ठोकली, फोटो काढला आणि सगळे गेले. मग त्या पोरीने एक दगड उचलला आणि नव्या कडीवर दाणदाण घातला. दांडा वाकडा होईपर्यंत ती थांबली नाही.

“अगं, ओरडतील ते!” आत्या म्हणाली.

“ओरडू दे. लांबूनच ओरडतील.”

कुणी ओरडलेसुद्धा नाही. बाहेरची वाकडी कडी लांबून छान दिसते आणि मोजणीत धरली जाते. ती कधीच लागत नाही. मी मोजणीत नाही. कार्यालयाच्या कागदावर मी हरवले आहे, आणि रोज कितीतरी बायका मला सरकवून निवांत श्वास सोडतात.

मित्रांनो, मला तेल घाला, माझा गंज पुसा, असे मी सांगणार नाही. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यातले काही लोकांचे भले करायला निघतील. तेव्हा दुसऱ्याच्या दाराला कडी लावण्याआधी स्वतः आत जा, दार ओढून घ्या आणि घटकाभर बसा. वास येईल. येऊ दे.