उघड्या कुलपांची प्रत

हातात धरून खेळायच्या कन्सोलवरचे रहस्याचे आणि कोड्यांचे गेम यांची तुलना करणारे सदर मी सहा वर्षे लिहीत आलो आहे. तर्कशास्त्र शिकवण्याची नोकरी सोडलेल्या माणसाला याहून निरुपद्रवी उद्योग सापडणार नाही, असा माझा समज होता.

त्या महिन्यात समोर दोन गेम होते. पहिल्यात दीपगृहात एका डॉक्टरचा खून होतो. खुनी पहिल्याच प्रकरणात ओळखू येतो, कारण अख्ख्या बेटावर फक्त त्याच्याच चेहऱ्याला सुरकुत्या काढण्याचे कष्ट चित्रकाराने घेतले आहेत. दुसऱ्यात शब्द एकही नाही. चाळीस खोल्यांचे घर आणि खोलीगणिक एक कोडे. हा गेम माझ्या धाकट्या बहिणीने चार वर्षे खपून रचला होता. आमच्या मासिकात तो पहिला आला तर गेमचा प्रकाशक तिच्या पाच जणांच्या चमूला पुढचे काम देणार, नाहीतर चमू मोडणार, हे मला ठाऊक होते. नाते मी संपादकांना सांगितले नाही. मी तर न्यायाने वागणार होतो!

परीक्षकांना पाठवायच्या प्रतीत सगळ्या टप्प्यांची कुलपे आधीच उघडून ठेवलेली असतात, त्यांचा बहुमोल वेळ वाचावा म्हणून. आमच्या धंद्यात गेम क्रमाने कोणी खेळत नाही. ग्रंथाचा उपसंहार आधी वाचणाऱ्यांच्या जातकुळीतला मी. थेट अडतिसाव्या खोलीत शिरलो, तासभर डोके आपटले आणि लिहिले, ‘अवघड, पण अकारण.’ बहिणीला झुकते माप दिल्याचा संशय नको, म्हणून एक तारा आणखी कापला. दीपगृह पहिले आले.

अंक निघाला त्या दिवशी ती आली आणि दारातच उभी राहिली.

“दादा, तिसऱ्या खोलीत किती वेळ लागला तुला?”

“तिसरी मी बघितली नाही.”

“बरं. सुरुवात कुठून केलीस?”

“अडतिसावी.”

ती हसली. “म्हणजे पाळण्यातलं पोर उचलून शर्यतीत उभं केलंस, आणि वर लिहिलंस, पळता येत नाही!”

मग तिने कुलपे लावलेली स्वतःची प्रत माझ्या पुढ्यात ठेवली आणि निघून गेली. मी पहिल्या खोलीपासून बसलो. तिसऱ्या खोलीत कळले की या घरात सावलीला वजन असते. अकराव्या खोलीत कळले की दिवा जवळ आणला की ते वाढते. सांगत कोणीच नव्हते. आपले आपल्यालाच उमगत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी अडतिसाव्या खोलीत पोचलो, तेव्हा हात आपोआप दिव्याकडे गेला. चार मिनिटे लागली. असे शिकवणे मला वर्गात एकदाही साधले नव्हते.

चमूचे काय करायचे ते ठरवणारी प्रकाशकाची बैठक शुक्रवारी होती. मी संपादकांकडे गेलो, चूक कबूल केली आणि नातेही सांगितले.

“दुरुस्ती छापा. तुमच्या संकेतस्थळावर, आजच. मी गेम क्रमाने खेळलो नव्हतो.”

“सर, कोण खेळतं? हे छापलं तर आजवरच्या सगळ्या तुलनांचं काय करू, लोणचं घालू?” एवढे बोलून ते खुर्चीत पुढे सरकले. “पण थांबा. सख्खी बहीण, आणि तिला दुसरा क्रमांक? अहो, अशी सचोटी हल्ली औषधालाही सापडत नाही!”

“तो अन्याय होता.”

“असेल. दिसायला न्याय आहे ना, झालं तर.”

तेव्हा मी थेट प्रकाशकाला पत्र लिहिले. प्रामाणिकपणाची खोड जात नसल्यामुळे नातेही लिहिले. उत्तर दोन ओळींचे होते: परीक्षण निःपक्षपाती असल्याने ते ग्राह्य धरले आहे, भावाची शिफारस धरता येत नाही. तर्कात कुठेही फट नव्हती. शुक्रवारी चमू मोडला.

पुढच्या अंकात चौकट आली. माझे छायाचित्र आणि वर ठळक अक्षरांत, ‘रक्ताच्या नात्यापुढेही न झुकलेली लेखणी’. बहीण त्या दिवशी ऑफिसातले टेबल रिकामे करून माझ्याकडे आली होती. तिने चौकट शेवटपर्यंत वाचली.

“फोटो बरा आलाय,” ती म्हणाली. “आईला मात्र दाखवू नकोस. तिला मी सांगितलंय, गेम तुझ्यापर्यंत पोचलाच नव्हता.”